कार्ड आलं की येतो

त्याचं खरं नाव नातेवाइकांत कुणी घेत नसे. सगळे त्याला ऑफर म्हणत. नाव ठेवलं होतं चिडवायला, पण त्यानं ते पदवीसारखं मिरवलं. चुलतभावाला फ्रिज घ्यायचा असो, मेहुणीला लॅपटॉप, की सासऱ्यांना कवळी, दुकानाची पायरी चढण्याआधी लोक त्याला फोन करायचे. मग हा विचारायचा, "कुठलं दुकान? किती घाई आहे? शुक्रवारपर्यंत दम निघेल का?" दम निघत असेल तर शुक्रवारी हा स्वतः कार्ड घेऊन दुकानात हजर. पैसे त्यांचे, कार्ड याचं, सूट त्यांना आणि पॉइंट याला. कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार असलीच तर बायकोची. ती म्हणायची, "आमच्याकडे भूक लागली तरी आधी ऑफर बघावी लागते." यावर तोच सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

एका लिफ्टच्या कंपनीत तो देखभालीचे करार सांभाळायचा. पगार बरा होता, बँकेत शिल्लक होती, डोक्यावर कर्ज नव्हतं. म्हणजे हा सगळा खटाटोप गरजेपोटी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याला पैशांची हाव होती असंही नाही. दुसऱ्यांना फुकट न मिळालेली गोष्ट आपल्याला फुकट मिळाली की त्याला जो आनंद व्हायचा, त्याची चटक लागली होती.

आणि गेलं वर्षभर त्याला वेध लागले होते ते एका काळ्या कार्डाचे. प्लास्टिकचं नव्हे, धातूचं. टेबलावर टाकलं की टणकन वाजणारं. त्याची वर्षाची फी ऐकूनच लोक हात जोडायचे. पण कार्ड हातात आल्यापासून तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला, तर स्वागताचे म्हणून इतके पॉइंट मिळत की दोन माणसं विमानात पुढच्या भागात, पाय लांब करून झोपत जाऊन आली असती. हा जन्मात कधी तिथे बसला नव्हता. त्या खुर्च्यांच्या शेजारून मागे जाताना तिथल्या लोकांच्या मोजे घातलेल्या पायांकडे मात्र त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं.

प्रश्न एवढाच होता, अर्ज करायचा कधी? यावर त्याचं एक शास्त्र होतं. कार्ड घ्यायचं ते मोठ्या खर्चाच्या तोंडावर. आधी घेतलं तर तीन महिने किराणा भरत बसाल आणि अट पुरी होणार नाही. खर्च उरकल्यावर घेतलं तर त्याचा उपयोगच काय? त्याच्यासारख्याच छंदिष्ट मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तिथे हे शास्त्र समजावताना त्याला कोण उत्साह चढायचा. पण त्याच्याच घरात मोठा खर्च काही निघेना. काही मोडत नव्हतं, कुणी काही घेत नव्हतं. सासऱ्यांची कवळी जुन्या कार्डावर वाया गेली, याची त्याला अजून हळहळ होती.

अशात आत्याच्या कानांनी दगा दिला.

आत्यानंच त्याला लहानाचा मोठा केला होता. आई गेली तेव्हा तो पहिलीत होता. वडील फिरतीच्या नोकरीवर. आत्यानं लग्न केलं नाही, तयार कपड्यांच्या कारखान्यात शेकडो शिवणयंत्रांच्या खडखडाटात उभं आयुष्य काढलं, त्यातून घर घेतलं आणि त्या घरात याला वाढवलं. अजूनही दारावर पाटी तिच्याच नावाची होती. त्या खडखडाटानं तिचे कान कधी पोखरले ते तिलाही कळलं नाही. आधी दाराची बेल गेली, मग बायकोचं हळू बोलणं गेलं, आणि शेवटी समोर बसून बोललेलंही निम्मं गळायला लागलं.

पण आत्या मोठी वस्ताद. ऐकू येत नाही हे कळू द्यायचं नाही, यात तिनं प्रावीण्य मिळवलं होतं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे, भुवयांकडे बघून ती नेमक्या जागी "हं, हं" म्हणायची, नेमक्या जागी "च् च्" करायची. दर रविवारी दुपारी तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे धाकट्या आत्याचा, लांबच्या गावाहून फोन यायचा. तिथे तर भुवयाही दिसत नव्हत्या. पण बहिणीच्या बोलण्याचा ठेका तिला इतका पाठ होता की नुसत्या त्या चढ-उतारावर ती तासभर किल्ला लढवायची. फोन ठेवल्यावर यानं विचारलं, "काय म्हणते धाकटी?" तर म्हणायची, "मजेत आहे. पुष्कळ बोलली." हा किस्सा त्यानं ऑफिसात रंगवून सांगितला होता. लोक पोट धरून हसले होते.

शेवटी बायकोनंच हट्ट धरला आणि तो आत्याला कानांच्या तपासणीला घेऊन गेला. एका इमारतीत पाचव्या मजल्यावर छोटंसं दुकान, आत काचेची खोली. तपासणारी तरुण मुलगी मोठी गोड होती. तिनं आत्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबायला सांगितलं. आत्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली. मुलगी चक्रावली. मग तिच्या लक्षात आलं, की आत्या काचेतून तिच्या हाताकडे बघतेय आणि तो हलला की बटण दाबतेय. तिनं हसत आत्याची खुर्ची भिंतीकडे वळवली. त्यानंतर बटण जवळजवळ वाजलंच नाही.

"दोन्ही कान बरेच गेलेत," मुलगी त्याला म्हणाली. "पण मशिनानं छान ऐकू येईल. आजींना चालेल असं मशीन आत्ता आहे माझ्याकडे. आजच बसवून देते." आणि तिनं जोडीची किंमत सांगितली.

किंमत ऐकून लोकांचे चेहरे पडतात. मुलीला त्याची सवय असावी, कारण ती लगेच हप्त्यांचं बोलायला लागली. पण याचा चेहरा उजळला होता. त्या काळ्या कार्डाची अट या एका बिलात पुरी होऊन वर जेमतेम किराण्याएवढं उरत होतं. आत्याचे कान गेले हे ऐकून क्षणभर का होईना, त्याला आनंद झाला. पुढे त्याला सगळ्यात जास्त छळलं ते त्या क्षणानं.

"ठेवा बाजूला काढून," तो म्हणाला. "माझं एक कार्ड यायचंय. कार्ड आलं की येतो."

हे तो नेहमीच्या आवाजात बोलला. आत्या शेजारीच बसली होती, पण तिच्यापासून काही लपवायला आवाज खाली आणायची गरज कुठे होती? ती आपली कौतुकानं त्या मुलीला सांगत होती, "याला चष्मा लागला ना, तेव्हा पोर सांगेचना. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बाईंनी निरोप पाठवला. मी कारखान्यातून सुटले ती तशीच याला घेऊन दुकानात. त्याच दिवशी चष्मा नाकावर!" आत्या स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे मोठ्यानं बोलायची. बाहेर बसलेली माणसंही हसली. तोही हसला.

खाली जाताना लिफ्टमध्ये आत्यानं विचारलं, "मशीन नाही दिलं तिनं?"

तो तिच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "नवीन मॉडेल येतंय! जास्त चांगलं!"

"अस्सं!" आत्याचा चेहरा खुलला. "मग थांबू की. जुनं कशाला घ्यायचं?"

अर्ज तरी त्यानं लगेच करावा की नाही? तेही नाही. ग्रुपवर कुजबुज होती की पुढच्या महिन्यात बँक स्वागताचे पॉइंट दीडपट करणार. त्यात यानं नुकतंच दुसरं एक कार्ड घेतलं होतं, लागोपाठ अर्ज केला तर बँक नाक मुरडते. थोडं थांबणं शहाणपणाचं होतं. आत्या वर्षभर बहिरीच होती, आणखी एका महिन्यानं काय आभाळ कोसळणार होतं? शिवाय त्यानं मनाशी असंही ठरवलं, की त्या दोन तिकिटांतलं एक आत्याला द्यायचं, तिला धाकटीकडे झोपवून न्यायचं. हे ठरवल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. खरं सांगायचं तर हा विचार त्याला मशीन थांबवल्यानंतर सुचला होता, आधी नव्हे.

आत्यानं मात्र त्या नवीन मॉडेलचा डंका पिटला. भाजीवालीला सांगितलं, इमारतीच्या रखवालदाराला सांगितलं, शेजारणीला जिन्यात थांबवून सांगितलं. "आमच्या पोरानं जुनं मशीन घेऊ दिलं नाही मला. थांब म्हणाला. सगळ्यात भारी येतंय ते घेऊ." सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तो ऑफिसातून येताना रखवालदार विचारायचा, "साहेब, आलं का आजींचं मशीन?" आणि हा मान खाली घालून लिफ्टचं बटण दाबायचा.

एकदा जेवताना बायको म्हणाली, "आपल्याकडे पैसे आहेत ना? मग देऊन का टाकत नाहीस?"

"तुला त्यातलं कळत नाही," तो म्हणाला.

"मला एवढंच कळतं की आत्या हल्ली टीव्हीचा आवाज बंद करून बघतात. म्हणतात, नाहीतरी ऐकू येत नाही, तुम्हाला कशाला त्रास?"

त्यानं आत्याच्या ताटात आणखी भात वाढला. आत्यानं हातानं पुरे केलं आणि हसली.

दीडपट पॉइंटांची घोषणा झाली त्याच सकाळी त्यानं अर्ज भरला. बँकेनं कळवलं की पत्त्याच्या खात्रीसाठी आमचा माणूस घरी येईल, अर्जदारानं घरी असावं. त्यानं रजा टाकली. आत्याच्या तपासणीला जाताना त्यानं अर्ध्या दिवसाचीच टाकली होती, इथे पूर्ण दिवसाची.

दुपारी आत्याचा फोन लखलखला. तिच्यासाठी तो दिव्यावर लावून ठेवला होता. वार रविवार नव्हता, पण फोन धाकटीचा होता. आत्या खिडकीपाशी बसून बोलायला लागली, म्हणजे हं हं करायला लागली. धाकटीचा आवाज फोनबाहेर खोलीभर येत होता. खरखरीत, मधेच तुटणारा. हा शेजारच्या टेबलावर कागद लावत होता. त्याच्या मनात आलंही, की आज हिचा आवाज असा का येतोय?

थोड्या वेळानं आत्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. ठेका चुकत असावा. तिनं फोनवर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "बघ रे जरा, ही काय म्हणते. आज काही वेगळंच लावलंय." आणि फोन त्याच्याकडे धरला.

त्याच वेळी दाराची बेल वाजली. त्यानं बोटानं खूण केली, एक मिनिट, आणि दाराकडे धावला.

बँकेचा माणूस दारावरच्या पाटीकडे बघत उभा होता. "हे नाव तर बाईंचं आहे."

"माझी आत्या. घर तिचं आहे. मी इथेच राहतो, जन्मभर."

"त्या आहेत का घरात?"

"आहे, पण फोनवर आहे."

माणूस चिकट निघाला. विजेचं बिल बघितलं, ओळखपत्र बघितलं, पाटीचा फोटो काढला, मग याला पाटीशेजारी उभं करून पुन्हा काढला. तो छान हसून उभा राहिला. आत्यानं आतून एकदा "अरे" म्हणून हाक मारल्याचंही त्यानं ऐकलं.

तो परत आला तेव्हा फोन आत्याच्या मांडीवर होता. बंद.

"काय म्हणत होती?" त्यानं ओरडून विचारलं.

"घसा बसलाय बहुतेक. पुष्कळ बोलली. मी आपली हं हं." आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. "शेवटी रडल्यासारखं वाटलं रे मला. पण हसत पण असेल. तिचं दोन्ही सारखंच."

"रविवारी विचारू," तो म्हणाला. खुशीत होता. माणूस जाताना म्हणाला होता, आठवड्याभरात कार्ड घरी येईल.

रविवारी फोन आला नाही. सोमवारी ऑफिसात त्याला आतेभावाचा, धाकटीच्या मुलाचा, फोन आला.

"झालं बाबा ऑपरेशन," आतेभाऊ म्हणाला. "नीट झालं. गाठ सगळी निघाली म्हणतात डॉक्टर."

"कसलं ऑपरेशन?"

"मावशीनं नाही सांगितलं तुला? घशाचं. आवाजाची पेटीच काढावी लागली. जीव वाचला, पण आई आता बोलणार नाही. कधीच नाही." मग तो सावकाश सांगत गेला. आईनं सगळ्यांना बजावलं होतं, ताईला कुणी सांगायचं नाही, मीच सांगणार, माझ्या आवाजात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि फोन लावला. तासभर बोलली. लहानपणापासूनचं सगळं. "बाहेर आली तर चेहरा कसा शांत झाला होता. म्हणाली, ताई बघ केवढी खंबीर. एवढं सगळं सांगितलं, पण रडली नाही की मधे बोलली नाही. नुसतं हं हं करत ऐकत राहिली. मला तिनं धीर दिला. मावशीला सांग हं तेवढं."

"सांगतो," तो म्हणाला.

फोन ठेवून तो जिन्यात जाऊन उभा राहिला. लिफ्टच्या कंपनीत जिन्यानं कुणी जात नाही, त्यामुळे तिथे कुणाला तोंड दाखवावं लागत नव्हतं. तो पाटीशेजारी हसत उभा होता, तेव्हा धाकटी शेवटचं बोलत होती. त्याला स्वतःची किळस आली. डोकं भिंतीवर आपटावं असं वाटलं, पण तेवढंही त्यानं केलं नाही.

घरी जाऊन आत्याला सांगायला तर हवंच होतं. अशी गोष्ट माणसानं जवळ बसून, हात हातात घेऊन, हळू सांगावी. त्याला ती ओरडून सांगावी लागली. "धाकटीचं ऑपरेशन झालं! घशाचं!" आत्या म्हणाली, "कशाचं?" तो पुन्हा ओरडला. "ती आता बोलणार नाही! आवाज गेला!" शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. बायको स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात धरून उभी होती.

आत्या बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ती हेच सांगत होती?"

त्यानं मान हलवली.

"आणि मी काय म्हणाले?"

उत्तर तिलाही ठाऊक होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि जरा वेळानं कडवटपणे म्हणाली, "ते मेलं नवीन मॉडेल थोडं आधी आलं असतं तर! कंपनीवाल्यांना काय, त्यांचं काही जातंय?"

इथे त्यानं बोलायला हवं होतं. याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. पण तो म्हणाला, म्हणजे ओरडला, "हो ना!"

दुसऱ्या दिवशी कार्ड आलं. काळ्या पेटीत, काळ्या मखमलीवर. त्यानं ते टेबलावर टाकून पाहिलं नाही. बायकोनं पेटीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि उठून आत गेली. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. कुणाला वाटेल, निदान आता तरी त्यानं मशिनाचे पैसे बँकेच्या साध्या कार्डानं भरले असते, लाजेखातर. तोही तसं म्हणाला स्वतःला. पण मग त्यानं विचार केला, उशीर व्हायचा तो झालाच, आता पॉइंट सोडून कुणाचं भलं होणार आहे? आत्याला धाकटीकडे न्यायला तिकिटं तर लागतीलच. तो आत्याला घेऊन पाचव्या मजल्यावर गेला तेव्हा काळं कार्ड त्याच्या खिशात होतं.

मुलीनं आत्याच्या कानांत मशिनं बसवली, संगणकावर काही खालीवर केलं. आत्या एकदम ताठ बसली. वर पंख्याकडे बघितलं. मग स्वतःच्या खुर्चीकडे, कारण ती कुरकुरली होती. तिनं पदर सारखा केला आणि त्या कापडाच्या आवाजानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसं वाटतंय, आजी?" मुलीनं हळूच विचारलं.

"ओरडू नकोस," आत्या म्हणाली. तिघेही हसले. बऱ्याच दिवसांनी तो हसला.

मग मुलगी त्याच्याकडे वळली. बहिऱ्या माणसांच्या देखत त्यांच्याबद्दल बोलायची तिला कामामुळे सवय झाली असावी. त्याच गोड, हळू आवाजात ती बिल पुढे सरकवत म्हणाली, "बघा, तुमच्यासाठी हीच जोडी बाजूला काढून ठेवली होती मी, पहिल्या दिवसापासून. तुम्ही म्हणालात ना, कार्ड आलं की येतो. म्हटलं येतील दोन-चार दिवसांत. उगाच इतके दिवस आजी ऐकण्यावाचून राहिल्या."

त्यानं आत्याकडे बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही. कार्ड यंत्रात घातलं, आकडे दाबले. आपल्याला तोंड लपवायला या काचेच्या खोलीत कुठेच जागा नाही, एवढं त्याला कळत होतं. यंत्रानं पिक् केलं. आत्यानं त्या आवाजाकडे मान वळवली. तो तिला नवा होता. तिनं ते काळं कार्ड बघितलं, त्याचा हात बघितला, आणि मग ती मुलीकडून मशीन पुसायचं कसं, बॅटरीचं दार उघडून डबीत ठेवायचं कसं, ते मन लावून शिकत बसली.

लिफ्टमध्ये दोघेच होते. तो वाट बघत होता. तिनं कानाखाली वाजवली असती तर त्यानं दुसरा गाल पुढे केला असता. पण आत्या छताकडे बघत म्हणाली, "केवढा आवाज करते रे ही लिफ्ट." तळमजला आला. रस्त्यानं ती त्याचा हात धरून चालली, कारण गाड्यांचे आवाज तिला अंगावर आल्यासारखे वाटत होते. त्या हातामुळे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात रखवालदारानं विचारलं, "आजी, आलं का नवीन मॉडेल?"

"आलं," आत्या म्हणाली. नेहमीसारखं मोठ्यानं नव्हे, अगदी बेताच्या आवाजात.

घरी आल्यावर तिनं धाकटीला फोन लावायला सांगितला. त्यानं लावून दिला. पलीकडे आतेभावानं आईच्या कानाशी फोन धरला असावा. आत्या बोलायला लागली. काय काय सांगितलं तिनं! पंखा कसा वाजतो, भाजी फोडणीत कशी वाजते ते ती विसरूनच गेली होती. मग ती थांबली. पलीकडून नुसता श्वास येत होता, आणि नखानं फोनवर केलेली टकटक. दोनदा, मग थोडं थांबून एकदा. आत्यानं फोन कानाशी घट्ट दाबला आणि ती टकटक ऐकत राहिली. "बोल," ती म्हणाली. "बोल गं. आता येतंय मला ऐकू." टकटक होत राहिली. या वेळी आत्या हं म्हणाली नाही.

तो दारात उभा होता. त्याच्या खिशात फोन वाजला. त्याला न बघताच कळलं, पण सवयीनं त्यानं बघितलं. अभिनंदन, आपण स्वागत बोनसची अट पूर्ण केली आहे.

आत्यानं फोन ठेवला. "तुझं काहीतरी वाजलं," ती म्हणाली.

त्याच्यानं राहवेना. तो आत आला आणि तिच्या पायांशी जमिनीवर बसला. बऱ्याच वर्षांत तो तिथे असा बसला नव्हता. "आत्या, मला तुला काहीतरी सांगायचंय."

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, निदान त्याला तरी दिसला नाही. मग तिनं हात वर नेला, डाव्या कानातलं मशीन काढलं, उजव्या कानातलं काढलं. मुलीनं शिकवलं होतं तसं दोन्ही पुसली, बॅटरीची दारं उघडली, डबीत शेजारी शेजारी ठेवली आणि झाकण लावलं.

"हं," ती म्हणाली, पुन्हा त्या जुन्या मोठ्या आवाजात. "आता सांग."

त्यानं सांगितलं. मान वर करायची हिंमत नव्हती, म्हणून जमिनीकडे बघत, हळू आवाजात, काही न लपवता सगळं सांगितलं. काळं कार्ड, दीडपट पॉइंट, लिफ्टमधलं खोटं, पाटीशेजारचा फोटो, आणि किंमत ऐकून झालेला तो आनंद. सांगताना तो रडला. आणि आत्या बहिणीच्या फोनवर बसायची तशी बसून होती. त्याचा आवाज अडखळला की "च् च्" करत होती आणि मधे मधे, जिथे म्हणायला हवं नेमकं तिथे, "हं, हं" म्हणत होती.